गिटारच्या ब्रिजचा पिकअप बदलायचाय, बजेट आठ हजार. काय घेऊ?

केळीवाला_सावदा

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

माझ्याकडे स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर) घाटाची इलेक्ट्रिक गिटार आहे. पुण्यात शिकत होतो तेव्हा, २०१६ साली, सेकंडहँड घेतली चौदा हजारांना. तारांखाली आवाज उचलणारे तीन पिकअप: मानेकडे आणि मध्ये सिंगल कॉइल (एका कॉइलचा), ब्रिजला, म्हणजे तारा जिथे गिटारच्या अंगावर बसतात तिथे, हंबकर (दोन कॉइलचा). शिक्षण संपलं, घरी आलो. आता सकाळी केळीची बाग आणि लग्नसराईत चौघांचा ऑर्केस्ट्रा. एक कीबोर्ड, एक ऑक्टोपॅड, गाणारा मामेभाऊ आणि मी. जुनी हिंदी गाणी, अहिराणी गाणी, हळदीला पोरं नाचतील असं सगळं वाजवतो. घरी एकटा असलो की दार लावून हार्ड रॉक.

तक्रार पहिली. ब्रिजवर डिस्टॉर्शन (फाटका आवाज) लावलं की सगळ्या तारा एकमेकींत कालवल्या जातात. शेवभाजीत शेव टाकून अर्धा तास विसरलं की जे होतं, ते. पूर्ण कॉर्ड वाजवला तर त्यात कोणता सूर आहे ते मलाच कळत नाही. क्लीनवर, म्हणजे डिस्टॉर्शनशिवाय, वाजवलं तर तोंडावर गोधडी घेतल्यासारखा आवाज.

तक्रार दुसरी. सिंगल कॉइल घुं करतात. घरी कमी, लग्नात जास्त. मागच्या आठवड्यात चोपड्याकडे एका लग्नात जनरेटरवर वाजवत होतो. गाणं संपलं, टाळ्या थांबल्या आणि मागे घुंऽऽऽ. नवरदेवाचे मामा उठून आले आणि म्हणाले, "मोटार चालू राहिली का रे कोणाची?"

अँप नाही वापरत. मल्टिइफेक्ट (डिस्टॉर्शनसारखे आवाज देणारा डबा), तिथून थेट मिक्सर. गिटारपासून इफेक्टपर्यंत दहा मीटरची केबल, कारण स्टेजवर मी मागे उभा असतो.

आता प्रश्न. सेमूर डंकनचा जेबी घेऊ की डिमार्झिओचा सुपर डिस्टॉर्शन? आठ हजारांत सेकंडहँड काहीतरी बसेल असं वाटतं. चौदा हजारांच्या गिटारीत आठ हजारांचा पिकअप घालणं म्हणजे बैलापेक्षा झूल महाग असं होतंय का? आणि तिसरं, माझा चुलतभाऊ रावेरला मोटार रिवाइंडिंग करतो. तो म्हणतो, कशाला पैसे घालतो, मीच भरून देतो, तार तर माझ्याकडे पडलीय. त्याच्याकडून भरून घेऊ का?

मूळचा_पाचोऱ्याचा

जेबी. डोळे मिटून. मी माझ्या गिटारीत सहा वर्षांपूर्वी टाकला, अजून हात लावलेला नाही. लीड वाजवताना सूर असा पुढे येतो की कीबोर्डवाला आपोआप आवाज कमी करतो.

चुलतभावाला मोटारीच भरू द्या.

चाळीसगावी

मी वेगळं सांगतो. घुं नको असेल तर ॲक्टिव्ह घ्या, ईएमजी वगैरे. आतच छोटा प्रीअँप असतो, नऊ व्होल्टची बॅटरी लागते, आवाज शांत. मात्र त्याला पॉट (बटणांखालचे कमी-जास्त होणारे रोध) २५ के, म्हणजे किलो-ओहमचे लागतात, म्हणजे व्हॉल्यूम-टोन सगळं बदलायचं, आणि स्ट्रॅटमध्ये बॅटरी ठेवायला जागा शोधायची. मी मागच्या स्प्रिंगच्या खोबणीत फोममध्ये गुंडाळून कोंबलीय.

एक अनुभव सांगून ठेवतो. ॲक्टिव्हमध्ये केबल खोचली की बॅटरी चालू होते. गणपतीत मी दुपारी साउंड चेक करून केबल तशीच लावून जेवायला गेलो. दुपारचं जेवण, मग वामकुक्षी. रात्री आरतीनंतर दुसऱ्याच गाण्यात आवाज फाटायला लागला आणि चौथ्या गाण्यात गिटार गप्प. सगळे माझ्याकडे बघताहेत आणि मी तारा छेडतोय, रिकामा.

रेडिओ_आबा, धुळे

भाऊ, कसं काय चाली राह्यनं? आठ हजार दोन दिवस खिशात राहू दे. पैसा कोठे पळी जात नही.

मी १९८८ पासून धुळ्यात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं काम करतो. टीव्ही आता कोणी आणत नाही, म्हणून कीबोर्ड, मिक्सर आणि लग्नाच्या बँडवाल्यांचे बेंजो बघतो. बेंजोच्या तारांखाली जो पिकअप असतो त्याचं आणि तुझ्या सिंगल कॉइलचं गोत्र एकच. लोहचुंबक, त्याभोवती तांब्याची बारीक तार. वर पोलादी तार हलली की खालच्या कॉइलमध्ये वीज निर्माण होते. बस. मी गिटार वाजवत नाही, पण हे सामान रोज उघडतो.

तुझ्या दोन तक्रारी आहेत आणि तू एकाच औषधानं दोन्ही बऱ्या करायला निघालास. ब्रिजचा पिकअप बदलला तर ब्रिजचा आवाज बदलेल. घुं करणारे दोन सिंगल कॉइल जागच्या जागी बसून घुं करतच राहतील. मामा पुन्हा उठून येतील.

आधी घुंचं बघू. घुं दोन जातीचं असतं. एक खालच्या पट्टीतलं, गोल, ५० हर्ट्झचं. ते ट्रान्सफॉर्मरच्या, जनरेटरच्या चुंबकी क्षेत्रातून थेट कॉइलमध्ये शिरतं. दुसरं झर्रर्र, खरखरीत, लायटिंगच्या माळा आणि डिमर चालू झाले की वाढणारं. ओळखायचं कसं? गिटार गळ्यात घालून जागेवरच हळूहळू गोल फिर. फिरताना आवाज कमी-जास्त झाला, एका दिशेला जवळपास गेलाच, तर ते चुंबकी. मग तारांना हात लाव. हात लावल्यावर झर्रर्र कमी झालं तर तारांचं अर्थिंग ठीक आहे. तुझं अंगच अँटिना असतं, हात लावलास की ते अर्थ होतं. हात लावल्यावर वाढलं तर मात्र आत कुठेतरी डाग (सोल्डर) सुटलाय किंवा प्लग पॉइंटला अर्थिंगच नाही.

अर्थिंगवरून एक गोष्ट गांभीर्यानं सांगतो. गिटार हातात असताना माइकला ओठ लागला आणि झटका बसला, असं कधी झालंय का? झालं असेल तर ते हसण्यावारी नेऊ नको. जनरेटरवाल्याला सांग, जमिनीत सळई ठोक आणि जोड. तोवर माइकजवळ जाऊ नको. आपल्याकडे मे महिन्यात घरचा अर्थिंगचा खड्डासुद्धा कोरडा ठणठणीत होतो. मीठ-कोळसा आत असून उपयोग नाही, ओल पाहिजे. आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतायचं. केळीला पाणी देतोस, त्यालाही दे.

आणि लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर वाजवत असशील तर साध्या चौकोनी लाटेच्या इन्व्हर्टरवर खरखर येणारच. त्यात पिकअपला दोष नाही.

हंबकरला हे चुंबकी घुं का होत नाही? गिब्सन कंपनीत सेथ लव्हर नावाचा इंजिनिअर होता. त्याने १९५५ साली पेटंटसाठी अर्ज केला. दोन कॉइल शेजारी-शेजारी, एकीचे वेढे उलट आणि चुंबकाचं तोंडही उलट. बाहेरून येणारं घुं दोन्हीत सारखंच शिरतं, पण एकमेकांच्या विरुद्ध येऊन मरतं. तारेचा सूर मात्र दोनदा उलटल्यामुळे सुलटा होतो आणि बेरीज होते. साधी युक्ती आहे, पण अजूनही मला ती बघितली की बरं वाटतं.

आता रिवाइंडिंग. तुझ्या चुलतभावाला कमी लेखू नको, तो डाग आपल्यापेक्षा चांगला मारत असेल. पण घोळ कुठे होतो बघ. नेटवर वाचशील, पिकअपला ४२ नंबरची तार लागते. तो म्हणेल, ४२ नंबर आहे माझ्याकडे. मोटारवाले नंबर मोजतात तो एसडब्ल्यूजी, इंग्रजी गेज. पिकअपवाले सांगतात तो एडब्ल्यूजी, अमेरिकन. अमेरिकन ४२ म्हणजे ०.०६३ मिलिमीटर. इंग्रजी ४२ म्हणजे ०.१ मिलिमीटर. बोटाला फरक कळणार नाही, पण बॉबिनवर निम्मेसुद्धा वेढे बसणार नाहीत. त्याला इंग्रजी ४६ नंबर लागेल. मी बेंजोच्या पिकअपला पहिल्यांदा हीच चूक केली होती. भरून झालं, सुंदर दिसत होतं, आवाज डब्यात माशी अडकल्यासारखा. बँडवाल्याने पैसे दिले, तेच मला जास्त लागलं.

शिवाय एका सिंगल कॉइलला आठ हजारांच्या आसपास वेढे. हिशेब केला तर एक किलोमीटरहून जास्त तार, केसापेक्षा बारीक, एका बोटभर बॉबिनवर. हाताचा ताण जरा वाढला की तुटली. शिकायचं म्हणून करा, अवश्य करा. लग्नाच्या सीझनमध्ये चालू गिटारवर नको.

आता ब्रिजची कालवाकालव. मला एवढं कळव. मल्टिमीटर २० के वर ठेव. गिटारला केबल लाव, व्हॉल्यूम पूर्ण उघडा. केबलच्या दुसऱ्या टोकाच्या जॅकचं टोक आणि दांडा यांवर मीटर लाव. पाचपैकी पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या जागेवर स्विच ठेवून काय आकडा येतो? मग पिकगार्ड उघड, पॉटच्या पाठीवर काय छापलंय ते लिही, हंबकरखालचं चुंबक कोणत्या रंगाचं ते बघ. शेवटी, दोन्ही कडेच्या तारा शेवटच्या पडद्यावर दाबून धरल्या की हंबकरच्या डोक्यापासून किती वर राहतात ते फूटपट्टीनं मोज.

केळीवाला_सावदा

आबा, राम राम. सगळं केलं. घरच्यांनी मला अंगणात गिटार गळ्यात घालून गोल फिरताना पाहिलं. आजी म्हणाली, याच्या अंगात आलं का काय?

एक. गोल फिरल्यावर घुं कमी-जास्त होतं. उत्तरेकडे तोंड केलं की जवळपास जातं. तारांना हात लावला की झर्रर्र पण कमी होतं. म्हणजे अर्थिंग ठीक असावं. तरी खड्ड्यात दोन बादल्या ओतल्या, जमीन इतकी तहानलेली होती की बुडबुडे आले. माइकचा झटका मला नाही, पण मामेभावाला दोनदा बसलाय. त्याने कधी सांगितलंच नव्हतं, म्हणाला मला वाटलं सगळ्यांनाच बसतो.

दोन. ब्रिज १३.२, मधला ५.८, मानेकडचा ५.७.

तीन. पॉटवर बी२५०के छापलंय, तिन्हींवर. ब्रिजला टोनचा पॉट जोडलेलाच नाही. चुंबक काळं, कोळशाच्या वडीसारखं.

चार. हंबकर तारांना जवळपास टेकलाय. जाड तारेला एक मिलिमीटर, बारीक तारेला त्याहून कमी. मीच एकदा वर केला होता, जास्त दणका यावा म्हणून.

रेडिओ_आबा, धुळे

मामेभावाला सांग, झटका सगळ्यांना बसत नाही. पुढच्या लग्नाआधी मिक्सर आणि गिटारचा इफेक्ट एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डावर घे, आणि टेस्टर लावून बघितल्याशिवाय माइक धरायचा नाही.

आकडे वाचू. मीटरला पिकअप आणि व्हॉल्यूमचा २५० के चा पॉट समांतर दिसतात, म्हणून आकडा थोडा कमी येतो. १३.२ दिसलं म्हणजे आतला पिकअप १३.९ च्या आसपास. त्यातही तू मे महिन्यात मोजलंस. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. जिथे २२ अंशांत मोजतात तिथे हाच पिकअप १३ दाखवेल. हे लक्षात ठेव, पुढे उपयोगी पडेल.

आता लोक ओहमवरून पिकअपची ताकद ठरवतात, ते अर्धवट आहे. तार बारीक वापरली तरी ओहम वाढतात. पण तुझ्या बाबतीत अंदाज बरोबर ठरतो. स्वस्तातला दणदणीत हंबकर, फेराइटचं काळं चुंबक, भरपूर वेढे. वेढे वाढले की आवाज वाढतो आणि इंडक्टन्सही (कॉइलचा बदलत्या विजेला होणारा विरोध) वाढतो. हा इंडक्टन्स आणि तुझ्या केबलची कपॅसिटन्स (वीज साठवण्याची क्षमता) मिळून एका ठरावीक पट्टीत आवाजाची एक टेकडी तयार होते. त्या टेकडीच्या पलीकडचे वरचे सूर कापले जातात. केबल साधारण मीटरला १०० पिकोफॅरड धर. तुझी दहा मीटर, म्हणजे १,०००. सहा मीटरच्या केबलवरसुद्धा असा जोरदार हंबकर दोन हजार हर्ट्झच्या आसपास दम टाकतो, साधा सिंगल कॉइल चार हजारांपर्यंत जातो. तुझ्या दहा मीटरवर आणखी खाली. त्यावर २५० चा पॉट, तो टेकडी अजून दाबतो. ही तुझी गोधडी.

म्हणून क्रमानं जा. आज संध्याकाळी हंबकर खाली उतरव. शेवटच्या पडद्यावर दाबून जाड तारेकडे २.५ मिलिमीटर, बारीककडे २. काहीही खर्च नाही. उद्या केबल बदल, गिटारपासून इफेक्टपर्यंत तीन मीटर. इफेक्ट तुझ्या पायाशी ठेव आणि लांब केबल इफेक्टपासून मिक्सरपर्यंत ने. तिथे लांबीनं फरक पडत नाही, कारण इफेक्टचं आउटपुट जोरकस असतं.

एवढं करून पुन्हा वाजव. मग सांग, पिकअप पाहिजेच का.

मूळचा_पाचोऱ्याचा

आबा, तुम्ही बिचाऱ्याची खरेदीच बंद पाडताय. :)

पण जेबी का नको ते तरी सांगा.

रेडिओ_आबा, धुळे

जेबी वाईट कोण म्हणतं? १६ के च्या वर आहे, अल्निको ५ जातीचं चुंबक, त्याचं काम तो चोख करतो. काम काय, तर व्हॉल्व्हच्या अँपच्या पहिल्याच पायरीला ढकलून आवाज फाडणं. डिमार्झिओचा सुपर डिस्टॉर्शन १९७२ चा, तोही याच हेतूनं. त्या काळी डिस्टॉर्शन पाहिजे तर अँप ढकलावाच लागायचा. या भाऊकडे मल्टिइफेक्ट आहे. त्याला दणका पाहिजे असेल तर गेनचं बटण फिरवलं की झालं, दणका फुकट मिळतो. बटण फिरवून जे मिळत नाही, ते म्हणजे सुरांमधली मोकळी जागा. ती पिकअपमधूनच यावी लागते. आधी मिसळून गेलेलं पुढे कुठलंही यंत्र निवडून देत नाही.

केळीवाला_सावदा

उंची आणि केबल केली. निम्मं काम झालं, खरंच. ब्रिजचा आवाज थोडा लहान झाला, पण कॉर्डमध्ये आता तिन्ही सूर ऐकू येतात. इतकी वर्षं मी दहा मीटरची केबल ओढत फिरत होतो.

तरी क्लीनला अजून जाडपणा आहे. आणि खरं सांगू का, आता हात खाजतोय. घ्यायचाच आहे. काय घेऊ ते सांगा.

रेडिओ_आबा, धुळे

घे मग. हौसेला मोल नसतं.

कमी वेढ्यांचा घे. जुन्या पीएएफच्या (गिब्सनच्या सुरुवातीच्या हंबकरच्या) घाटाचा, ८ के च्या आसपास, अल्निको ५ चं चुंबक. ब्रिजजवळ तार कमी हलते म्हणून तिथे अल्निको २ तुला मऊ वाटेल, नाचायच्या गाण्यांना ५ बरा. सेमूर डंकनचा '५९ मॉडेल याच जातीचा, इतर कंपन्यांचेही मिळतात. सेकंडहँड बघ. पिकअपमध्ये झिजण्यासारखं काही नसतं, फक्त मीटर लावून बघायचं आणि वायर किती लांब ठेवलीय ते बघायचं. लोक काढताना बुडापाशीच कापतात.

दोन गोष्टी तपासून घे. तुझ्या ब्रिजवर पहिल्या तारेपासून सहाव्या तारेपर्यंत अंतर मोज. ५२ मिलिमीटरच्या पुढे असेल तर रुंद अंतराचा पिकअप माग, गिब्सनच्या मापाचा ४९-५० चा घेतला तर कडेच्या तारा पिकअपच्या स्क्रूच्या बाहेर लोंबतात. आवाजात फार फरक पडत नाही, डोळ्याला मात्र रोज टोचतं. दुसरं, चार रंगीत वायरी आणि एक उघडी, असा माग. पुढेमागे कॉइल वेगळी करायची इच्छा झाली तर सोपं जातं.

व्हॉल्यूमचा पॉट तेवढा ५०० के चा टाक, ए अक्षराचा (कानाला आवाज सारखा वाढत जातो तो). टोनचे दोन्ही २५० चेच राहू दे, ते सिंगल कॉइलवर आहेत, त्यांना बरे. पॉटच्या पाठीवर डाग मारताना २५ वॉटची सोल्डरिंगची डागणी पुरत नाही. आधी पाठ घासून घे, ६० वॉटची धर, तीन सेकंदांत उरक. जास्त वेळ धरलीस तर आतली पट्टी भाजते.

सिंगल कॉइलना हात लावू नको. लग्नात चौथ्या जागेवर वाजव. मानेकडचा आणि मधला एकत्र. मधल्याचे वेढे उलटे असतील तर तिथे घुं हंबकरसारखंच मरतं. नसतील तर जागेवर फिरून ज्या दिशेला घुं कमी तिकडे तोंड करून उभा राहा. मामांना तेवढंच पुरे.

केळीवाला_सावदा

आबा, गडबड झाली.

पुण्याहून एकाने काढून ठेवलेला '५९ मिळाला, रुंद अंतराचा, साडेपाच हजारांत. पॉट जळगावला गोलाणी मार्केटमध्ये शोधला, ५०० चा बी मिळाला, ए नाही. बी घेऊन आलो. रात्री जोडला. नेटवरून एक चित्र काढलं होतं, त्याप्रमाणे लाल वायर स्विचला, काळी आणि पांढरी एकत्र करून टेप, हिरवी आणि उघडी पॉटच्या पाठीवर.

आवाज येतोय, पण किरकिरा. आणि घुं येतंय! हंबकरला घुं! मीटर ४.३ दाखवतोय. फसवलं का त्या पोरानं?

रेडिओ_आबा, धुळे

पोरानं नाही फसवलं, चित्रानं फसवलं. तू काढलंस ते डिमार्झिओचं चित्र. प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे. डिमार्झिओत लाल गरम (म्हणजे सिग्नलची), काळी-पांढरी जोडायची, हिरवी अर्थ. सेमूर डंकनमध्ये काळी गरम, लाल-पांढरी जोडायची, हिरवी अर्थ.

तू काय केलंस बघ. काळी आणि पांढरी ही एकाच कॉइलची दोन टोकं. ती एकमेकांना जोडलीस, म्हणजे ती कॉइल स्वतःतच बंद. उरली लाल-हिरवी, दुसरी एकटी कॉइल. म्हणून मीटर निम्मा, म्हणून आवाज किरकिरा, म्हणून घुं. सिंगल कॉइल झालाय तो.

काळी स्विचला, लाल-पांढरी एकत्र. मीटर साडेआठच्या आसपास आला की बरोबर.

बी पॉटनं आवाज सगळा शून्याजवळच्या एक-दोन अंकांत कमी होईल, बाकी ठीक. सीझन संपला की मुंबईहून लॅमिंग्टन रोडवरून ए मागव.

केळीवाला_सावदा

८.५! आबा, जमलं. पण खोक्यावर ८.१ लिहिलंय, म्हणजे... थांबा, थांबा. मे महिना. खोलीत ४१ अंश आहेत. समजलं.

काल फैजपूरजवळ लग्न होतं, मळ्यात मांडव. जनरेटरवाल्याला सळई ठोकायला लावली, तो कुरकुरला, मामेभावाने त्याला माइकची गोष्ट सांगितली तेव्हा ठोकली. झटका नाही. क्लीनवर जुनं गाणं वाजवत होतो, ब्रिजवर, आणि आर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकेक करून) सुटा-सुटा ऐकू आला, सगळ्यात बारीक तारसुद्धा. कीबोर्डवाल्याने वळून बघितलं. डिस्टॉर्शनला गेन आधीपेक्षा कमीच लावतो आता, तरी हळदीला पोरं नाचली. चौथ्या जागेवर घुं मरतं, मधला उलट वेढ्यांचाच निघाला. मानेकडचा एकटा लावला की अजून येतं, पण तेव्हा मी उत्तरेकडे तोंड करतो. लोकांना वाटतं मी नवरीच्या मांडवाकडे बघतोय.

जुना हंबकर चुलतभावाने नेला. तो आता हट्टाला पेटलाय. ४६ नंबरची तार मागवली, पंपाच्या रिवाइंडिंग मशीनवर बॉबिन लावली. पहिल्यांदा दोनशे वेढ्यांना तार तुटली, दुसऱ्यांदा अकराशेला.

रेडिओ_आबा, धुळे

दोनशेवरून अकराशे म्हणजे पोरगं शिकतंय. त्याला सांग, मशीनचा वेग निम्मा कर, तार फेल्टच्या दोन तुकड्यांमधून सोड, आणि भरताना डोक्यावरचा पंखा बंद ठेव.

केळीवाला_सावदा

पंखा बंद? रावेरात? मे महिन्यात?

रेडिओ_आबा, धुळे

मग पहाटे पाचला भर.